विनीचं मत

सेफ्टी पिन जुनी, बोथट; नवऱ्याच्या कोटाखाली पूर्वीसारखी भरलेली छातीही नाही — पिन कापडातून सटकून विनीच्याच बोटात घुसली. आर्नल्डच्या कोटावर उमेदवाराचं पिवळ्या फितीचं फूल लावायची ही सहावी खेप. दर चार वर्षांनी मे महिन्यातला एक गुरुवार... आणि दर खेपेला तो निवडणुकीत पडायचा.

"भोसकतेस काय? मतदान तरी होऊ दे," तो म्हणाला.

"गप्प उभा राहा."

मतदानासाठी चर्चच्या हॉलपर्यंत दोघं चालतच गेली. भेटेल त्याला तो बंद केलेल्या बससेवेचं गाऱ्हाणं सांगत होता, आणि ती दोन पावलं मागे — दम लागतोय हे त्याला कळू नये म्हणून कुंपणांवरची फुलं बघत... वर्षभर काढाल कदाचित, डॉक्टर तिला म्हणाले होते. मार्चमध्ये. आर्नल्डला अजून सांगितलेलं नाही. निवडणूक होऊ दे, मग.

"यंदा तरी निवडून आणा हो त्यांना!" यादीत तिच्या नावावर रेघ ओढत टेबलामागची बाई हसली.

मतदानाच्या आडोशामागे गेल्यावर तिला लाज वाटली. आधीच्या पाचही वेळा तिनं मताची फुली मारली होती ती हॅरॉपच्या, आर्नल्डविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाच्या नावापुढे. तो निवडून आला असता, तर गावच्या कौन्सिलच्या बैठका संध्याकाळी. आणि मुलगा कॅनडाला गेल्यावर संध्याकाळच तर उरली होती — चहा, पत्त्यांचा डाव, त्याची लबाडी, पकडल्यावरचं ते निर्लज्ज हसू... ती काय गावाला देऊन टाकायची? माझी आहे ती, माझी.

पण मी गेल्यावर हिवाळ्यात आर्नल्ड डाव कुणाशी मांडेल? बैठका असतील तर लोक येतील, भांडतील त्याच्याशी, कुणी गाडीतून घरी सोडेल... तिनं पेन्सिल टेकवली. आर्नल्ड प्लॅट. फुली.

बाहेर तो कठड्यावर बसला होता. "एका फुलीला एवढा वेळ?"

"नाव सापडेना तुझं."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "विनी, खरं सांगू? दर वेळी पडलो ना, की आतून बरंच वाटायचं मला. चला, संध्याकाळ वाचली आपली."

"मग उभा कशाला राहायचास, वेड्या?"

"बसचं कुणीतरी बोलायला नको?"

ती त्याच्या शेजारी टेकली. माणसं एकेक करून हॉलमध्ये जात होती. त्यांनी कुणाला मत द्यावं असं आपल्याला वाटतंय, तेच तिला कळेना... आर्नल्डनं तिचा हात कोटाच्या खिशात ओढून घेतला, आणि मार्चपासून एकटीनं जपलेलं ते सगळं ओठांपर्यंत आलं — तिनं ते परत गिळलं नाही. नुसतं तिथंच राहू दिलं.