खारट मावंदं

काशीहून परतलेल्या सासूबाईंची सॅक मशीनमध्ये टाकायच्या आधी झटकली, तर बाल्कनीभर वाळू झाली. गंगेकाठी वाळू असतेच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण वाळूत शिंपले निघाले. एका मोज्याला वाळलेली जळू चिकटली होती. सासूबाईंची साडी खळ घातल्यासारखी ताठ झाली होती, म्हणून मी चक्क जिभेला लावून बघितली. खारट! गंगा कधीपासून खारट झाली?

बाहेर मांडव घातलेला. काशीहून परतलं की गंगेची पूजा करायची आणि सगळ्यांना जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. पुण्यात वाढले तरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बंगळूरच्या आमच्या या जुन्या मराठी सासरी मात्र त्याचा थाट लग्नाइतका. के. आर. पुरमपासून होसकोट्यापर्यंतचे नातेवाईक एवढ्यात येऊन टेकणार होते. माझा नवरा संतोषकुमार केळीची पानं पुसत बसला होता.

सॅक खरं तर माझी. लग्नाआधी घेतलेली. मैत्रिणींबरोबर पाठीवर बिऱ्हाड टाकून गावोगाव भटकायचं, जंगलातली पडकी देवळं बघायची, समुद्रावर लोळायचं, असा बेत होता. मग लग्न झालं, महादेवपुऱ्यात नोकरी लागली आणि सॅक माळ्यावर गेली. सासूबाईंनी, म्हणजे भागीरथीबाईंनी, ती काशीयात्रेसाठी मागितली तेव्हा मला हसू आलं होतं. भजनी मंडळातल्या सुनंदाकाकू आणि पद्मावतीअक्का त्यांच्या सोबतीला होत्या. रोज संध्याकाळी फोन यायचा, दर्शन छान झालं. मागे नुसती गाज. "गंगा खवळलीय गे," त्यांनीच सांगितलं होतं, आणि मी मूर्खासारखी म्हणाले होते, जपून स्नान करा.

साडी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. त्या पुरण वाटत होत्या.

"आई, काशीला समुद्र आहे?"

त्यांचा हात थांबला. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"यात्रा रद्द झाली गे. स्टेशनावर गेल्यावर कळलं. यात्रा कंपनीचा माणूस म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. सामान बांधलेलं, घरचे हो म्हणालेले. पुन्हा कोण सोडणार आम्हाला? सुनंदा म्हणाली, आधार कार्ड दाखवलं की बायकांना बस फुकट. मॅजेस्टिक स्टँडवर शिमोग्याची बस उभी होती. चढलो."

"शिमोगा?"

"मग सागर गाव. मिळेल ती बस, मिळेल ते जेवण. गेरसोप्प्याच्या जंगलात एक देऊळ आहे, चारी बाजूंना दारं. पूर्वी मोठं शहर होतं म्हणे, आता नुसती झाडं. तिथं पद्मावतीनं सिनेमातलं गाणं म्हटलं, मोठ्यांदा. मग गोकर्णाला गेलो."

"समुद्रात उतरलात?"

"गळ्यापर्यंत," त्या म्हणाल्या आणि एवढ्या भीतीतही त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी या घरात कधी पाहिलं नव्हतं.

मी हबकलेच. खोटं बोलल्याचं एवढं नाही. माझी ट्रिप, माझ्या सॅकमध्ये, माझ्या सासूनं गुडघ्याला पट्टा बांधून उरकली होती! माझा नुसता जळफळाट झाला.

"गोकर्ण म्हणजे दक्षिणकाशीच की," त्या पुटपुटल्या.

"ते सरी, ठीक आहे. पण पूजेच्या चौरंगावर ठेवलेल्या गंगेच्या गडूत काय आहे?"

"काही नाही. गडू तिथल्या बाजारातून घेतला. भरायला हातच होईना." मग त्यांचा आवाज फुटला. "लोकांचं सोड. वन्संना काय देऊ मी?"

वन्सं म्हणजे त्यांच्या नणंद, सगुणाआत्या. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळल्या होत्या. अन्न तुटलं होतं, फक्त जिभेवर गंगा पडावी एवढा ध्यास उरला होता. गंमत अशी, की देवघरात आत्यांचा स्वतःचा गंगेचा गडू होता. तरुणपणी काशीहून आणलेला, तोंड डाक लावून बंद केलेला. माझे सासरे हणमंतराव गेले, तेव्हाही त्यांनी तो फोडू दिला नव्हता. सासूबाई गंगेसाठी शेजारी धावल्या आणि परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. "सख्ख्या भावाला दोन थेंब दिले नाहीत," हे त्या कधी विसरल्या नाहीत. तरीही निघताना, माझ्यासाठी गंगा आण, असं आत्या म्हणाल्या, तेव्हा सासूबाईंनी मान डोलावली होती.

मी फोन काढला. या शहरात कोथिंबिरीपासून चार्जरपर्यंत सगळं दहा मिनिटांत दारात येतं, गंगाजलही येतं. पुरण निवायच्या आत बाटली आली. मी ती गडूत ओतली. "कुणाला कळणार नाही," असंही वर म्हणाले.

गडू घेऊन सासूबाई आत्यांच्या खोलीत गेल्या. मागे पळी आणि घाईत हातातच राहिलेली बाटली घेऊन मी.

आत्यांनी डोळे उघडले. "आणलंस?"

सासूबाईंनी गडू जमिनीवर ठेवला. "नाही वन्सं. मी काशीला गेलेच नाही. समुद्रावर फिरून आले. हे दुकानातलं आहे."

मी डोळे मिटून घेतले. आता ही म्हातारी किंचाळणार आणि सगळा मांडव आत येणार. डोळे उघडले तर आत्या टक लावून सासूबाईंकडे बघत होत्या.

"मीही नव्हते गेले," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना भ्रम झाला.

"काशीला म्हणून निघालो. मिरजेत यजमानांना ताप भरला. धर्मशाळेत पडून राहिलो. बरे झाले तेव्हा जवळचं सगळं संपलेलं. परत आलो, तर इथं दारात मांडव, वाजंत्री. यजमानांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. गडू मिरजेचा. पाणी धर्मशाळेच्या नळाचं."

देवघरात रोज त्या गडूला हळदकुंकू वाहिलं जायचं. कालच मी स्वतः वाहिलं होतं!

सासूबाई पुढे सरकल्या. "मग... यांच्या वेळी..."

"म्हणूनच नाही दिलं. हणमंताच्या तोंडात नळाचं पाणी कसं घालू गे? आणि खरं सांगायला तोंड कुठं होतं मला?"

सासूबाई गडूशेजारी खाली बसल्या. इतकी वर्षं जपलेला राग एका वाक्यात निराधार झाला. त्या रडल्या नाहीत, पदराचं टोक मुठीत धरलं.

आत्यांनी बाटलीकडे बोट केलं. "हे गंगेचं का?"

"वर तसं लिहिलंय, आत्या."

"भरताना कुणी पाहिलं?"

मी नकारार्थी मान हलवली. आत्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अव्वा, सगळे आले. पूजेला बसतेस ना?" संतोषनं बाहेरून आईला हाक मारली.

सासूबाई उठल्या, मांडवात गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी काशीला गेले नाही. जंगलात आणि समुद्रावर गेले होते. पुरणपोळ्या गरम आहेत, जेवून जा."

पूजा सांगायला बसलेले कृष्णाजीकाका तोंड उघडं ठेवून बघत राहिले. कोपऱ्यात पद्मावतीअक्कांनी तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की रडू, कळलं नाही. संतोषच्या हातातली पानं खाली सांडली.

"उद्या मात्र खरंच काशीला निघणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "मुग्धा येईल माझ्याबरोबर."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी आत जाऊन सॅकमधली उरलेली वाळू झटकली आणि माझे कपडे भरायला घेतले. निघताना आत्यांच्या पाया पडले, तर त्या म्हणाल्या, "सावकाश या. मी थांबते."

आणि थांबल्या. आम्ही परतलो तेव्हा त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. सासूबाई पळी घेऊन वाकल्या, तसे आत्यांनी ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघितलं.

"भरताना कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं, आत्या. आईंनी पाण्यात उतरून भरलं. मी शेजारीच होते."

तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. बोट समोरच्या भिंतीकडे नेलं. तिथं हणमंतरावांचा फोटो होता.

"आधी त्याला," त्या म्हणाल्या.

सासूबाई फोटोपाशी गेल्या. काचेवर, ओठांच्या जागी, त्यांनी दोन थेंब टेकवले. ते ओघळत फ्रेमच्या पट्टीपर्यंत गेले. आत्या ते बघत राहिल्या, आणि मग त्यांनी तोंड उघडलं.