गोल्टीची बोली

सहादू पानगव्हाणे यांनी पार्किंगमधली प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिच्यावर गोल्टीला बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. सोसायटीची सतरा माणसं आधीच येऊन बसली होती. कुत्री घरी ठेवून आले असते तर सभा दहा मिनिटांत आटोपली असती. पण लपवायचं कशाला? विषयच तिचा होता.

“काका, तिला खाली तरी बसवा,” चेअरमन शामसुंदर कुलथे म्हणाले.

“जिचा निकाल लावायचा, तिला बसायला नको?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. कुलथ्यांनी घसा साफ करून अर्ज वाचायला घेतला. पहाटे पाचला भुंकते, जिन्यात केस पडतात, लिफ्टमध्ये वास येतो. अकरा सह्या होत्या. पहिली सही ज्योत्स्ना गायधनी यांची, म्हणजे सहादूंच्या बरोबर वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंची. त्या पुढच्याच रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या.

अर्जाचं सहादूंना फारसं काही वाटलं नाही. लोक पाण्याच्या टाकीवरूनही अर्ज करतात. पण मग कुलथ्यांनी मोबाइल काढला आणि राजूचा मेसेज वाचून दाखवला. राजू म्हणजे सहादूंचा मुलगा, हैदराबादला असतो. फ्लॅट त्याच्याच नावावर. ‘सोसायटी ठरवेल ते मला मान्य आहे. बाबांची काळजी घ्यायला तुम्ही सगळे आहातच. कुत्रीसाठी एक जागा बघून ठेवलीय, उद्या गाडी येईल.’

उद्या! आणि हे बापाला सांगायचं सोडून चेअरमनला! सहादूंचे कान तापले. बायको गेल्यावर पोराच्या शब्दाखातर ते लासलगावचं घर सोडून इथे शहरात पाथर्डी फाट्यावर आले. वर्षभरात पोराची बदली झाली, पोरगा गेला आणि हे दोन खोल्यांत उरले. मग गेटपाशी हे मूठभर पिल्लू सापडलं. बाजारात बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात, म्हणून ही गोल्टी. आता हिलाही नेणार म्हणे.

“काळजी घ्यायला सगळे आहेतच,” सहादू पुटपुटले. “बरं. बघू की मग.”

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. चौतीस वर्षं त्यांनी लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारला होता, या ट्रॅक्टरपासून त्या ट्रॅक्टरपर्यंत, व्यापाऱ्यांच्या गलक्यावर आवाज चढवून. तोच आवाज पार्किंगमध्ये सुटला तशी पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली.

“बोला मंडळी! माल बघून घ्या! सहादू पानगव्हाणे, वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा नासका, बाकी माल खणखणीत! बोली रुपयात नाय, वेळात! रोजचा किती वेळ देता, बोला!”

“काका, ही काय चेष्टा लावलीय?”

“चेष्टा कसली साहेब? कुत्री गेल्यावर मला कोण घेतंय, तेवढं कळू द्या. तुमच्यापासूनच सुरुवात करू.”

कुलथे कागद चाळत बसले. मागून तळमजल्यावरची सविता चाचरत म्हणाली, “मी रविवारी येत जाईन. अर्धा तास.”

“रविवारी अर्धा तास! पुढं बोला!”

“रोज दहा मिनिटं,” आणखी एक आवाज आला.

“रोज दहा मिनिटं! लय भारी! अजून कोण?” कोणी नव्हतं. सहादूंनी गोल्टीच्या डोक्यावर हात ठेवला. “आता हिची बोली ऐका. चोवीस तास. दोन वर्षं झाली, एक दिवस खाडा नाय. पहाटे पाचला भुंकते, खरंय. त्या वेळेला मी उठून पलंगावर बसतो आणि कशासाठी उठलो तेच सुचत नाय. ती भुंकते, मग मी पायात चपला घालतो. चोवीस तासांच्या वर कोण जातंय? बोला!”

सविताने मान खाली घातली.

“एक वार!... दोन वार!...”

“थांबा.” ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या.

सहादूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. काडी लावणारी हीच बाई. “बोला मॅडम. चोवीसच्या वर?”

“छे हो, तेवढं कुठून आणू? तुमचं होऊ द्या. मग माझा पुकारा करा.”

“तुमचा?”

“वय अडुसष्ट. दोन्ही गुडघे चांगले. पहाटे पाचला मी जागीच असते, म्हणून तर भुंकणं ऐकू येतं.”

या वेळी मागे कोणी हसलं नाही. सहादूंनी हात वर केला.

“तीन वार! माल गोल्टीला दिला! राजूला कळवा, म्हणावं दिलेला माल परत मागत नसतात.” मग ते बाईंकडे वळले. “बोला मंडळी, ज्योत्स्ना गायधनी...”

ते खाकरले आणि त्यांनी पुन्हा पुकारलं. सतरा माणसांतून एकही बोली आली नाही. बाई मात्र ताठ उभ्या होत्या, परीक्षेच्या वर्गात उभं राहावं तशा.

पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नसते. नोकरीत सहादूंनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

“पहाटे पाच ते सहा,” ते म्हणाले. “रोज. आम्ही दोघं.”

“एक वार,” ज्योत्स्नाबाई स्वतःच म्हणाल्या.

“अहो मॅडम, पण अर्जावर मतदान घ्यायचंय,” कुलथे म्हणाले. “पहिली सही तुमचीच आहे!”

“ती खोडा. आणि लिलाव चालू असताना मधे बोलू नका हो.” त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली. “दोन वार.”