पुरता भाव

ताडपत्रीवहिनीचे कांदे शेतात सडले असते तर आमेनमामाला काय मिळालं असतं, ते आधी सांगतो. तिची बांधालगतची पट्टी. मामाच्या विहिरीकडे जायची जवळची वाट त्या पट्टीतून होती, आणि दर वर्षी चार वेळा तो तिला सांगायचा, "एकटी बाई तू, कशाला राबतेस? देऊन टाक." कांदे गेले की तिचं वर्षाचं खाणंही गेलं आणि पुढचं बियाणंही. मग पट्टी आपोआप त्याच्या ओटीत पडली असती. त्यासाठी मामाला एकच करायचं होतं, ते म्हणजे काहीही न करणं. त्या कामात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

हा मामा कुणाचाच सख्खा मामा नव्हे. उपासनेत त्याचं आमेन असं दणदणीत की खिडकीच्या काचा थरथरायच्या, म्हणून ते नाव. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वहिनीचं नाव पडलं ते तिच्या ताडपत्रीवरून. नवरा गेल्यापासून बाई देवापुढे रडून प्रार्थना करायची आणि घरी येऊन ताडपत्रीच्या दोऱ्या तपासायची. आम्ही हसायचो. "देवाला सांगितलंस ना वहिनी, मग ताडपत्री कशाला?" ती म्हणायची, "देव आहेच हो, पण दोरी घट्ट असलेली बरी."

आमचे पाळक म्हातारे होते, बोलायचे थोडं. त्यांचा आवडता शब्द 'भाव'. देवावर भाव ठेवायचा तर पुरता ठेवा, म्हणायचे. पावशेर भाव देवाच्या तराजूत हलतसुद्धा नाही. मामा त्यावर सगळ्यात मोठं आमेन म्हणायचा. त्याचाही भावावर फार भाव होता. या गोष्टीच्या आदल्या वर्षी त्यानं चाळभर कांदा विकला नाही. भाव चढेल, भाव चढेल, करत बसला. भाव चढला नाही आणि कांदा सडला. मग त्यानं चाळीला कुलूप घातलं आणि त्या बाजूनं जाणं सोडलं. उंच ओट्यावरची, फटींच्या भिंतींची, वारा खेळणारी गावातली ती एकच कांदाचाळ. कुजका माल तसाच ठेवायची त्याला लाज नव्हती आणि बाहेर काढायची हौसही नव्हती.

त्या वर्षी वहिनीनं कांदे उपटून शेतात वाळत घातले आणि त्याच आठवड्यात वावटळीनं सुईणीच्या घराचं छप्पर उडालं. घरात तिची मुलगी आठ दिवसांची बाळंतीण. वहिनीनं ताडपत्री काढली आणि तिच्या घरावर बांधून दिली. मी विचारलं, "आता तुझं काय?" म्हणाली, "पाळक म्हणतात ना, पुरता ठेवा. बघू." तिचा चेहरा मात्र पोहता न येणाऱ्या माणसानं नदीत पाय घातल्यासारखा होता.

शनिवारी आभाळ काळवंडलं. ती आधी माझ्याकडे आली. मी सुतार, माझी शेड कोरडी आणि निम्मी रिकामी. मी म्हणालो, लाकडाला कांद्याचा वास लागेल, गिऱ्हाईक घेणार नाही. वर म्हणालो, "देव बघेल, वहिनी." हे वाक्य मी अगदी मऊ आवाजात म्हणालो. आता आठवलं तरी तोंड कडू होतं.

रविवारी पाळकांनी तिच्यासाठी विनंती केली : या बहिणीच्या कांद्यांना कोरडा आसरा मिळो. मामाच्या आमेननं काचा हलल्या. मीही म्हणालो, बेताच्या आवाजात. उपासना सुटली तशी वहिनी सरळ मामापुढे उभी राहिली आणि हात पसरला.

"मामा, किल्ली."

"कसली किल्ली?"

"चाळीची. आत्ता आमेन म्हणालात ना."

"अगं, ते मी देवाला म्हणालो."

"त्यालाच विचारलं मी, कोरडी जागा कुठे आहे. तुमच्याइतक्या मोठ्यानं दुसरं कुणी बोललंच नाही."

लोक हसले. मामा म्हणाला, चाळ भरलेली आहे. कशानं, असं तिनं विचारलं. आता कशानं ते तो सांगणार कसा! सगळा गाव भोवती उभा. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू मला चांगलं कळलं : दार उघडलं की ही बाई ओकत पळेल आणि नकाराचं पाप आपल्या माथी येणार नाही. त्यानं किल्ली दिली. "घे बाई. सगळं प्रभूचंच आहे."

दार उघडलं तेव्हा आम्ही दहा-बारा जण मागे होतो. वास नव्हे तो, थप्पड होती. आतला कांदा कांदा राहिलाच नव्हता; गुडघाभर काळा-पिवळा लगदा, वर पांढरी बुरशी, आणि त्यात अळ्या अशा वळवळत होत्या की लगदाच श्वास घेतोय असं वाटावं. ओट्याच्या फटींतून पाणी ठिबकत होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. आमची नाकं दाबलेली, पण मदतीला येतो म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही. बघता बघता सगळे पांगले. मामा सर्वांत आधी.

वहिनी भिंतीशी जाऊन ओकली. तोंड धुतलं, पदर नाकाला बांधला आणि आत शिरली. मी फावडं दिलं. फावडं देणं फार सोपं असतं.

रविवारची दुपार आणि सोमवारची सकाळ ती घमेलं भरभरून बाहेर काढत होती आणि मामाच्याच उकिरड्यावर टाकत होती. फावडं कोपऱ्यात पोचेना तिथे हातांनी खरवडत होती. बाळंतिणीला निजवून सुईण येऊन पाण्याचे हंडे ओतून जायची. मामा एकदा लांबून ओरडला, "उकिरडा नीट रच गं, खत वाया जायला नको." मला त्याची इतकी किळस आली की अळ्या बऱ्या वाटल्या.

सोमवारी दुपारी ढग गडगडले. अजून तळ धुवायचा होता, कांदे शेतातच. मी तिला म्हणालो, "ताडपत्री मागून आण. सुईण नाही म्हणायची नाही." ती निघाली. मी तिला अर्ध्या वाटेपर्यंत जाताना पाहिलं. तिथे ती थांबली, बराच वेळ उभी राहिली आणि परत आली.

"काय झालं?"

"काही नाही, सुतारभाऊ. त्या लेकराच्या डोक्यावरचं काढून माझ्या कांद्यावर घातलं, तर मग मी देवावर ठेवलं काय? पावशेर?" आणि वर आभाळाकडे बघून म्हणाली, "भीती वाटते हो. पण आता ठेवलाय तर ठेवलाय."

तिनं तळ धुतला, कोरडा पाला पसरला, सुईणीची हातगाडी आणली आणि दोघींनी कांदे ओढले. शेवटची खेप आत गेली आणि पाऊस आला असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पाऊस दोन खेपा आधीच आला. तेवढे कांदे भिजले, गेले. बाकी सगळे वाचले.

पुढच्या रविवारी साक्ष द्यायला मामा उभा राहिला. प्रभूनं हृदयाशी बोलून आपल्याला चाळ उघडायला कसं लावलं, हे त्यानं डोळे पुसत सांगितलं. बायकांनीही डोळे पुसले. माझ्या तोंडात थुंकी आली. जागा उपासनेची, म्हणून गिळली. शेवटी आमेन झालं, त्यात वहिनीचाही आवाज होता.

बाहेर मी तिला गाठलं. "तुला संताप नाही येत?"

"कशाचा?"

"त्याच्या खोटेपणाचा."

ती हाताची सोललेली कातडी बघत होती. "मामांवर मी भाव ठेवलाच नव्हता भाऊ, मग बुडेल काय?" मग माझ्याकडे बघून हसली. "तुमच्यावर मात्र थोडा ठेवला होता."

आता कुणी काय भरलं ते मांडतो. मामानं काहीच भरलं नाही. त्याला धुतलेली चाळ मिळाली, खत मिळालं, साक्ष मिळाली, फक्त पट्टी मिळायची राहिली. वहिनीनं दोन खेपा कांदे आणि दोन्ही तळहातांची कातडी भरली. माझ्या शेडला तिच्या कांद्याचं सालपटसुद्धा लागलं नाही. तरी दार उघडलं की मला तिथेच वास येतो.