मोठा सेन्सर की लांबचा झूम

हे तिसरं दुकान होतं. अमरावतीच्या दोन दुकानांतून आई रिकाम्या हातानं बाहेर पडली होती, म्हणून मैथिलीनं तिला आदल्या दिवशीच अकोल्याला आपल्या घरी आणलं आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर गांधी रोडवर नेऊन उभं केलं. आज कॅमेरा घ्यायचाच होता. कोणताही.

ही भानगड ईशाननं करून ठेवली होती. बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेषरावकाकांनी सगळं बोलून पाहिलं. वहिनींना अंतर देणार नाही, घराचं अर्धवट रंगकाम पुरं करू, मैथिलीची बदली अमरावतीला करून घेऊ. कावळे समोरच्या बाभळीवर बसून ऐकत होते. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा मैथिलीचा हा धाकटा भाऊ एकदम म्हणाला, "बाबा, तुमचा कॅमेरा घेऊ!" आणि कावळा आला. योगायोग, असं मैथिलीचं मत होतं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही. तेरावा उरकून ईशान हैदराबादला गेला आणि शब्द पाळायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

पण कोणता कॅमेरा? बाबा, म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक कमलाकांत मोहरील, छत्री तलावावरचे पक्षी टिपायला दोन वर्षं कॅमेरा घेत होते आणि दोन वर्षांत त्यांनी तो घेतला नव्हता. शेवटी दोन उरले होते. एकाचा सेन्सर मोठा, एक इंची. कमी उजेडातही फोटो स्वच्छ, पण झूम बेताचा आणि वजन किलोभर. दुसऱ्याचा सेन्सर नखाएवढा, पण झूम असा की पलीकडच्या काठावरच्या बगळ्याचा डोळा दिसावा. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की बाबांच्या मनातला नेमका कॅमेरा घरात यावा. चुकीचा आला तर शब्द पाळला असं होणार नाही. दीड महिना ती याच गोष्टीवर अडून बसली होती. जेवणही अर्धंमुर्धं.

"कायचे फोटो काढाचे हायेत, मावशी?" दुकानदार गजेंद्रनं दोन्ही कॅमेरे काउंटरवर मांडत विचारलं.

"पक्ष्यांचे. ह्यांना रोज संध्याकाळी तळ्यावर जायची सवय आहे."

"मंग काकाजीलेच आणा ना एक डाव. हातात धरून पाह्यतीन."

मैथिली म्हणाली, "ते नाहीत आता."

"माफ करजा, ताई," असं पुटपुटून गजेंद्र स्वच्छच असलेली काच पुन्हा पुसायला लागला.

आईनं ईशानला फोन लावायला लावला. तो मीटिंगमध्ये होता. "झूमवाला," तो घाईघाईनं म्हणाला. "मला स्वतः सांगितलं होतं त्यांनी."

"मला मोठा सेन्सर म्हणाले होते. दिवाळीत," मैथिली म्हणाली.

"तू झूमवाला घ्या म्हणाली असशील, म्हणून उलट बोलले."

ती तसंच म्हणाली होती. तिनं फोन ठेवला.

"मी म्हटलं होतं, कोणताही घ्या पण घ्या," आई म्हणाली. "तर म्हणाले, दोन्हींत खोट आहे."

हे असं संध्याकाळपर्यंत चाललं असतं. पुढच्या शनिवारी चौथं दुकान. मैथिलीनं डोळे मिटले आणि जे तिनं आयुष्यात क्वचित केलं होतं ते केलं.

"आई, मोठा सेन्सर. शेवटी दवाखान्यात त्यांनी मला सांगितलं."

"काय बोलून राहिली तू?" आईचा आवाज चढला नाही. "दवाखान्यात चारही दिवस त्यांच्या तोंडावर मास्क होता. मी तिथंच बसले होते."

मैथिलीचा चेहरा तापला. गजेंद्रनं उगाच ड्रॉवर उघडला, बंद केला.

"दोन वर्षं जेवताना डोकं खाल्लं माझं," आई एकाएकी म्हणाली. "सेन्सर, सेन्सर. वरण गार व्हायचं. त्यांच्या मनात एक काही असतं तर घेतला नसता का? आता मी कोणाच्या मनातलं शोधू?"

दीड महिन्यात ती बाबांवर पहिल्यांदाच चिडली होती. तिनं पदर खोचला, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा उचलला. वजनानं मनगट वाकलं, तो खाली ठेवला. दुसरा उचलला, डोळ्याला लावला, रस्त्यापलीकडच्या पाट्या बराच वेळ वाचल्या.

"हा द्या," ती म्हणाली.

सुटलो, असं मैथिलीला वाटायला हवं होतं. "पण आई, याचा सेन्सर लहान आहे," ती बोलून गेली. "संध्याकाळी तळ्यावर उजेड कमी असतो. फोटोत दाणे येतील, रंग फिके पडतील..."

गजेंद्र खोकं उघडता उघडता थांबला.

"संध्याकाळी मी घरी असते," आई म्हणाली. "मी सकाळी जाईन."