अंबाडीच्या पुढचं वळण

आल्हाद कर्णिकनं त्या रविवारी पहिल्यांदा भूपेश पाटीलला मागं टाकलं, आणि त्या दिवसापासून त्याचं कशात लक्ष लागेना.

दोघांची ओळख भिवंडीजवळच्या राहनाळची. आल्हाद तिथल्या एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात हिशेब सांभाळायचा. घर टेमघरला, वडील शाळामास्तर, आता निवृत्त. घरात तो पहिलाच, ज्याला गाडी म्हणजे चार जणांना घेऊन जायचं साधन यापलीकडे काही वाटलं. बरीच वर्षं मनात धरून ठेवलेली लाल पोलो जीटी त्यानं शेवटी जुनी का होईना घेतली, तेव्हा बायको नीरजा एवढंच म्हणाली की मागच्या सीटवर माझे गुडघे मावत नाहीत. भूपेश त्याच गोदामाच्या जमिनीच्या मालकाचा मुलगा. त्याची आय-ट्वेंटी एन लाइन कोरी होती, काळ्या छपराची, निळी. गेटवर एकदा दोन्ही गाड्या शेजारी लागल्या आणि भूपेश पोलोभोवती एक फेरी मारून म्हणाला, चांगली आहे, पण कंपनीनं बंद केलेली गाडी किती दिवस जपणार. आल्हाद म्हणाला, बंद झाली तरी तुझ्या पुढं जाईल.

झालं ते तिथून सुरू. टायर कुणाचे चांगले, गिअर कुणाचा नीट पडतो, वळणावर कुणाची गाडी बसून जाते, यावर वाद. मग भिवंडीतल्या असल्याच वेडाच्या पंधरा-वीस जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला आणि वादाला प्रेक्षक मिळाले. रविवारी पहाटे दोघं निघायचे. अंबाडी नाक्यापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा, तिथवर शहाण्यासारखं जायचं. नाक्यावर डावीकडं वळलं की वज्रेश्वरीपर्यंत रस्ता मोकळा. देवळाजवळच्या टपरीवर जो आधी पोचेल त्यानं दुसऱ्यासाठी चहा सांगून ठेवायचा, एवढीच शर्यत. वर्षभर चहा भूपेशनंच सांगितला होता. आल्हाद पोचायचा तेव्हा ग्लासवर साय धरलेली असायची, आणि भूपेश काही न बोलता ती बोटानं बाजूला काढून ग्लास पुढं करायचा. आल्हादला ते बोट सगळ्यात जास्त झोंबायचं.

त्या रविवारी जानेवारीतलं धुकं होतं. अंबाडी सोडल्यावर शेताच्या बांधाला लागून एक लांब उजवं वळण आहे. त्या वळणावर भूपेश नेहमी पाच-सहा गाड्यांचं अंतर काढायचा. आल्हाद त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर रोवून होता. वळणात शिरल्या शिरल्या ते दिवे एकदम पेटले. भूपेशनं ब्रेक मारला होता. आल्हादनं मारला नाही. उजवीकडून गाडी काढली, जाताना दोनदा हॉर्न वाजवला आणि पुढं निघून गेला. आरशात एकदाच पाहिलं. धुक्यात एन लाइनचे पुढचे दिवे एका जागी थांबलेले दिसत होते.

टपरीवर त्यानं दोन चहा सांगितले. एक प्यायला. दुसऱ्यावर साय आली, मग तो थंड झाला, मग टपरीवाल्यानं ओतून टाकला. भूपेश आलाच नाही. आल्हादला वाटलं, लाज वाटून परत गेला असणार. त्यानं रिकाम्या बाकाशेजारच्या ग्लासाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘कुणीतरी अर्ध्या रस्त्यातून घरी गेलं वाटतं.’ ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. भूपेशचं उत्तर आलं नाही.

आल्हादला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. एक दिवस वाटलंही. मग त्याला दुसरीच भूक लागली. भूपेशनं कबूल करावं, निदान एक शिवी तरी घालावी. भूपेश गेटवर दिसेना. पुढच्या रविवारी आल्हाद अंबाडी नाक्यावर गाडी लावून उभा राहिला आणि एकटाच वज्रेश्वरीला जाऊन आला. रस्ता तोच, गाडी तीच, पण पुढं दिवे नव्हते तर पाय पॅडलवर दाबावासाच वाटेना. घरी तो नीरजावर उगाच डाफरायचा, जेवता जेवता फोन बघायचा. नीरजानं विचारलं, ऑफिसात काही झालंय का. तो नाही म्हणाला, आणि पालथा ठेवलेला फोन परत उलटून बघितला.

मग ग्रुपवरच कुणीतरी एका जाहिरातीचा फोटो टाकला. निळी एन लाइन विकायला निघाली होती.

आल्हादला राग आला, आणि रागाचं कारण त्याला धड सांगता आलं नसतं. एकदा हरला म्हणून गाडी विकतो? हे तर हरण्याहून वाईट. राहनाळला सगळे म्हणत होते की भूपेशच्या बापाला, लडकूशेठला, पोरगा पंचायतीच्या निवडणुकीला उभा करायचाय, त्याला आठ माणसं बसतील अशी मोठी गाडी पाहिजे. ते ऐकून आल्हादला जरा सुटल्यासारखं झालं. म्हणजे बापाची जबरदस्ती आहे. मग बापाशी बोलता येईल. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सरळ पाटलांच्या घरी गेला.

लडकू पाटील ओटीवर उन्हात पाय सोडून बसले होते. जमिनीवर गोदामं उभी राहिली तरी त्यांनी घरामागचा एक तुकडा ठेवला होता, त्यात वाल लावला होता, आणि शेंगा तोडून आणलेलं टोपलं समोर होतं. आल्हादनं नाव सांगितलं, कुठं काम करतो ते सांगितलं. मग जे बोलायला आला होता ते एका दमात बोलून टाकलं. काका, भूपेशचा जीव आहे त्या गाडीवर. मोठी गाडी घ्या, पण ही विकायला लावू नका.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं नीट बघितलं.

“तुझं काय जातंय त्यात?”

आल्हादनं खिशातली गाडीची चावी चाचपली.

“मी न्हाय सांगितलं इकायला,” लडकू म्हणाले. “निवडणूक बी मीच लढवणार हाय, हा काय उभा ऱ्हातोय. त्यालाच नको झालीय ती गाडी. महिना झाला, चावीला हात न्हाय लावला. इचारलं तर बोलत न्हाय.”

तेवढ्यात भूपेश आतून बाहेर आला. आल्हादला ओटीवर बघून त्याचा चेहरा ताठ झाला. तो सरळ पायऱ्या उतरला आणि मागच्या वालाच्या तुकड्याकडं चालू लागला. आल्हाद त्याच्या मागून गेला. बांधावर पोचल्यावर भूपेश वळला. माझ्या घरी येऊन माझ्या बापाला सांगण्याचा तुला कुणी अधिकार दिला, असं त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही, पण आल्हादला त्यानं आजवर एवढं परकं कधी केलं नव्हतं.

“एकदा हरलास म्हणून विकतोस?” आल्हाद म्हणाला. ते शब्द कितीतरी दिवस त्याच्या तोंडात तयार होते.

भूपेशनं उलट विचारलं.

“त्या वळणावर तुला बाई दिसली?”

“कोण बाई?”

“म्हणजे नाहीच दिसली.” भूपेशनं मान हलवली. “मला वाटायचं दिसली असणार, तरी गेलास. रोज वाटायचं.”

मग त्यानं सांगितलं. वळणात तो नेहमीपेक्षा बाहेर गेला होता, कारण मागून आल्हाद चिकटून येत होता. डाव्या कडेनं डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी चालली होती. धुक्यातून ती एकदम समोर आली. त्यानं ब्रेक मारला. गाडी तिला लागली नाही, पण ती घाबरून बाजूच्या चरात पडली. मनगट मोडलं. तो उतरायला दार उघडणार, तोच आल्हाद हॉर्न वाजवत शेजारून गेला. भूपेशनं तिला गाडीत घालून अंबाडीला नेलं, तिथून भिवंडीला, प्लास्टर घातलं, घरी सोडलं. रंगूबाई नाव. अंबाडीच्या पुढच्याच पाड्यावरची. वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर भाजी विकते.

“तुझा फोटो मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बघितला,” तो म्हणाला.

“मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगणार? पडली ती माझ्या गाडीमुळं.” भूपेशनं वालाच्या वेलीचं एक वाळलेलं पान तोडलं आणि चुरून टाकलं. “त्या गाडीत आता बसवत नाही मला. शनिवारी कल्याणचा माणूस घेऊन जाणार आहे. तू आता जा.”

आल्हाद ऑफिसात परत आला. संध्याकाळी त्याला आठवत होतं ते सगळं, धुकं, ब्रेकचे दिवे, हॉर्नचा आवाज, आणि वर्षातलं सगळ्यात चांगलं वाटलेलं ते एक वळण. बाई मात्र कितीही आठवून बघितलं तरी कुठंच नव्हती. याचंच त्याला भय वाटायला लागलं. ऐकल्यावर तरी काहीतरी दिसायला हवं होतं, लुगड्याचा रंग, पाटी, काहीतरी. नीरजाला त्यानं सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, त्या बाईला जाऊन भेट. आणि तो फोटो ग्रुपवरून काढून टाक आधी. त्यानं फोटो पुसायला फोन घेतला, पण इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या फोनवरून निघणार नव्हता. मग त्यानं ग्रुपवर लिहिलं की त्या दिवशी भूपेश एका जखमी बाईसाठी थांबला होता आणि मी थांबलो नाही. या वेळी कुणी चेहरे टाकले नाहीत.

रविवारी तो निघाला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. वळणाच्या अलीकडे एसटीचा थांबा आहे, नुसता एक खांब. खांबाजवळ एक म्हातारी बसली होती. उजव्या हाताला प्लास्टर, शेजारी शेंगांनी आणि मुळ्यांनी भरलेली पाटी. आल्हादनं गाडी पुढं नेऊन लावली आणि चालत मागं आला.

“मावशी, वज्रेश्वरीला ना? चला, सोडतो.”

तिनं त्याच्याकडं नाही, गाडीकडं बघितलं.

“नको. अशीच तांबडी होती ती.”

“तीच आहे.”

रंगूबाईनं मान वर केली. तिचे डोळे बारीक होते आणि ते त्याच्या चेहऱ्यावरून हललेच नाहीत.

“भोंगा वाजवत गेला तो तू?”

“हो. तुम्ही दिसला नाहीत मला. खरंच नाही दिसलात.”

“मी काय मुंगी हाय? डोक्यावर पाटी होती.” तिनं पाटी जवळ ओढली. “मंग आज कशाला आलास?”

घरून निघताना त्यानं काय काय ठरवलं होतं. माफी मागायची, औषधपाण्याचं विचारायचं. त्यातलं काही बाहेर येईना. माहीत नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. दोघं तसेच एसटीची वाट बघत राहिले, ती बसून, तो उभा. त्याला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते.

एसटी आली. आल्हाद पाटी उचलायला वाकला, तशी ती म्हणाली, ऱ्हाऊ दे. कंडक्टरनं खाली उतरून पाटी आत घेतली, त्याच्या सवयीचं काम असावं. बस निघाली. आल्हाद गाडीत बसला आणि बसच्या मागून निघाला. बस दर पाड्याला थांबत होती. दोनदा रस्ता मोकळा मिळाला, पुढं जाता आलं असतं. उजवा पाय आपोआप दाबला गेला आणि त्यानं तो उचलला. वज्रेश्वरीपर्यंत बसच्या धुळीतच तो गेला.

स्टँडवर भूपेश आधीच उभा होता. शेजारी स्कूटर लावली होती. बस थांबताच तो दाराशी गेला, रंगूबाईला हात देऊन उतरवलं, पाटी खाली घेतली. ते बघून कळत होतं की तो दर रविवारी इथं येत असणार. गाडीतून उतरताना आल्हादच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की इथंही हा माझ्या आधी पोचला. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली. पण ती गोष्ट मनात आली ती आलीच.

भूपेशनं त्याला बघितलं. आल्हाद निघून गेला असता तरी चाललं असतं अशा थाटात त्यानं पाटीला हात घातला, थांबला, आणि म्हणाला, “धर ती बाजू.”

आल्हादनं दुसरी बाजू धरली. रंगूबाई मागून, हात छातीशी धरून चालत होती. देवळाच्या वाटेवर फुलांची, नारळांची दुकानं उघडत होती, गरम पाण्याच्या कुंडांवर अंघोळीला आलेली माणसं टॉवेल खांद्यावर टाकून चालली होती. चढाला भूपेशनं पावलं जरा लांब टाकली. आल्हादनं त्याच्या बरोबरीनं टाकली. भूपेशनं आणखी लांब टाकली. पाटी दोघांच्या मध्ये हिंदकळायला लागली आणि शेंगा कडेवरून रस्त्यावर पडू लागल्या.

“हळू चला की,” मागून रंगूबाई म्हणाली. “कुणाला घाई झालीय?”

दोघं थांबले. आल्हाद एका हातानं पाटी धरून खाली वाकला आणि रस्त्यावरच्या शेंगा वेचायला लागला.