सात नंबरचा ॲक्सल

"हळू. अंड्यांची पाटी आहे असं समजा."

फोरमन खड्ड्यात उभा होता. त्याच्या डोक्यावर सात नंबरची चिलखती गाडी चार ठोकळ्यांवर तोललेली होती आणि तिच्या पोटातून गिअरबॉक्स साखळीला लटकून इंचाइंचाने खाली येत होता. वर पुली धरलेल्या दोघांना घाम फुटला होता. फोरमनने दोन्ही तळहात गिअरबॉक्सच्या बुडाला लावले. ते वजन त्याला पेलणार नव्हतं, तरी तो हात लावून राहिला. लोखंड अजून कोमट होतं. सकाळीच गाडी मैदानाला एक फेरी मारून आली होती.

"चार नंबरला नेऊन लावा," तो म्हणाला. "तेल नवीन घाला. जुनं गाळून वापरू नका."

वर्कशॉपमध्ये सात गाड्या होत्या आणि मेजरना उद्या सकाळी सहा हव्या होत्या. डोंगरापलीकडच्या चौकीवर चाळीस माणसं अडीच महिने अडकून होती, त्यांना बदली द्यायची होती. हिशोब सरळ होता. चार नंबरच्या गिअरबॉक्सचे दाते झिजून गेले होते आणि सुटे भाग कधी येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चार नंबर मागे राहायची, बाकीच्या सहा जायच्या. एवढ्यासाठी फोरमनची गरजसुद्धा नव्हती.

पण दुपारी फोरमन सात नंबरखाली गेला, बराच वेळ खाली राहिला आणि बाहेर येऊन त्याने तपासणीच्या कागदावर लिहिलं: मागच्या ॲक्सलच्या आवरणाला तडा. गाडी रस्त्यावर नेण्यास अयोग्य. दुरुस्तीला किमान पंधरा दिवस. मग सातचा गिअरबॉक्स चारला लावायचं ओघानेच आलं. मेजरनी कागद वाचला, सही केली. अठ्ठावीस वर्षं फोरमनने लिहिलेलं कुणी खाली वाकून पडताळून पाहिलं नव्हतं.

सात नंबरचा ड्रायव्हर त्याचा भाचा होता.

भाचा संध्याकाळच्या हजेरीआधी आला. खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि आपल्या गाडीच्या उघड्या पोटाकडे बघत राहिला.

"मामा, सकाळी तर काही आवाज नव्हता."

"तडा काय ओरडून सांगतो?"

"बरोबर आहे." त्याने पुढे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने उठून गेला.

फोरमनने पाना पुसून फळीवर ठेवला. ताईचा फोन दर रविवारी यायचा. दाजी गेल्यावर तिने एकटीने पोर वाढवलं होतं आणि पोराने वर्दी घालायची म्हटल्यावर ती एकच वाक्य बोलली होती, "तू आहेस तिथे, म्हणून पाठवते."

सकाळी ताफा निघाला. चार नंबरचा ड्रायव्हर इतका उंच होता की स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी त्याचे गुडघे वर यायचे. सगळे त्याला लंबू म्हणत. गाडी बंद म्हणून आठवडाभर बराकीत पाय ताणून पडायचं त्याने ठरवून टाकलं होतं, तसं जाहीरही केलं होतं. आता तो खिडकीच्या फटीतून डोकं काढून हसत होता.

"उस्ताद, मला वाटलं तुम्ही माझे मित्र आहात!"

"का, काय झालं?"

"चांगला झोपणार होतो, तर गाडी जिवंत करून दिलीत. पण काय सांगू, गिअर असा पडतो, लोण्यात सुरी. माझा जुना म्हणजे रोज सासूशी बोलणी."

"सांभाळून जा," फोरमन म्हणाला.

सहा गाड्या फाटकातून बाहेर पडल्या. धूळ बसेपर्यंत भाचा फाटकाशी उभा होता. गाडी नसलेला ड्रायव्हर रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून मेजरनी त्याला बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्या मोठ्या ट्रकवर नेमलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या ट्रकला बोलावणं आलं. जाताना भाच्याला फक्त एवढंच माहीत होतं की सुरुंग फुटलाय आणि एक गाडी गेलीय. कोणती, ते तिथे पोचल्यावर कळलं.

चार नंबर साखळीने बांधून दुपारी वर्कशॉपच्या आवारात आली. पुढचा डावा भाग नव्हताच. मागे बसलेले सहाजण जखमी होऊन का होईना, वाचले होते. लंबू आणि त्याच्या शेजारचा तोफची वाचले नव्हते. त्यांना आधीच दुसऱ्या गाडीतून नेलं होतं, पण नेलं म्हणजे सगळं नेलं असं होत नाही. फोरमनने बाकीच्यांना जेवायला पाठवलं, पाण्याचा पाइप ओढून आणला आणि स्वतः आत शिरला. भाचा मागोमाग आला. त्याने खरवडायला पत्र्याचा तुकडा घेतला होता. दोघं तासभर काम करत होते. पाणी दरवाजातून बाहेर वाहत होतं, आधी लाल, मग तांबूस, मग नुसतं गढूळ. एकदा भाचा खाली उतरला, गाडीला पाठ लावून ओकला, तोंड धुऊन पुन्हा वर चढला.

त्यात ताईचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"पोर बरंय ना?"

"बरंय. माझ्याजवळच आहे."

"त्याची गाडी नव्हती म्हणे त्यात."

"नव्हती."

ताई रडायला लागली. रडतारडता म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू रे." फोरमनने तिला विचारलं नाही की ती हे सहज बोलली की काही ओळखून. ओल्या हाताने त्याने फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरचा निरोप आला. चौकीवर अर्धीच माणसं बदलून झाली होती. गुरुवारी पुन्हा ताफा जाणार होता आणि पुन्हा सहा गाड्या हव्या होत्या. चार नंबरमधलं जे धड असेल ते काढा आणि सात नंबर उभी करा. ॲक्सलचं लवकर कसं होईल ते बघा.

गिअरबॉक्स धड होता. स्फोट पुढे झाला होता, तो मधे. मामाभाच्याने तो उतरवला, पुसला आणि ढकलगाडीवर घालून सात नंबरच्या खड्ड्याशी आणला. भाचा खाली उतरला. फोरमनही उतरला. मागचा ॲक्सल दोघांच्या डोळ्यांसमोर होता, ग्रीसने माखलेला आणि अखंड. फोरमनने खिशातून फडकं काढलं, उगाचच ॲक्सलवरून फिरवलं.

"पुसू नका, मामा," भाचा म्हणाला. "काही नाहीये तिथे."

फोरमनचा हात थांबला.

"मी त्याच दिवशी पाहिलं. तुम्ही चहाला गेला होता, तेव्हा बॅटरी घेऊन खाली उतरलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं."

"मग मला विचारलं का नाहीस?"

भाचा गिअरबॉक्सचे बोल्ट एकेक करून डब्यात टाकत होता. आवाज होऊ नये अशा बेताने.

"लंबू आला होता रात्रीच्या जेवणाआधी. म्हणाला, तुझी सात खरंच गेलीय का रे, का मामा लाड करतोय. हसत होता. पण विचारत होता खरंच."

"आणि?"

"मी म्हटलं, खरंच गेलीय. मी स्वतः पाहिलाय तडा."

फोरमन खड्ड्याच्या भिंतीला टेकला. चार दिवस त्याला वाटत होतं की हे ओझं आपण एकट्याने उचललंय आणि पोराला त्याचा धक्कासुद्धा लागलेला नाही. निदान तेवढं तरी आपल्याला जमलं, असं तो स्वतःला सांगत आला होता.

"मला भीती वाटली होती, मामा," भाचा म्हणाला. "तुम्हाला नाही कळायचं. गाडी बंद आहे ऐकल्यावर मला इतकं बरं वाटलं होतं."

फोरमन वर चढला. हात न धुताच मेजरच्या खोलीत गेला, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्वतःचं सगळं. ॲक्सल, कागद, भाचा.

मेजर बराच वेळ टेबलावरच्या नकाशाची दुमडलेली कड सरळ करत राहिले. त्यांचे डोळे दोन रात्री झोप नसल्यासारखे होते.

"सुरुंग गाडीचा नंबर वाचत नाही, फोरमन."

"चार नंबर जायला नको होती, साहेब."

"नको होती. मग सात गेली असती." ते थांबले. "चौकशी लावली तर वर्कशॉपला टाळं लागेल. वरती वीस माणसं आहेत अजून. तुमच्या जागी उद्या मी कुणाला उभं करू?"

फोरमन हातावरचं ग्रीस फडक्याला पुसत राहिला.

"आणखी कुणाला माहीत आहे हे?"

"कुणालाच नाही."

"भाच्याला?"

"त्याला काय कळतंय, साहेब. मी सांगितलं ते त्याने ऐकलं."

मेजरनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "गुरुवारी सात नंबर जाईल. ड्रायव्हर तोच. जा."

भाचा शेडच्या दारात वाट बघत उभा होता.

"काय म्हणाले?"

"गुरुवारी सात जाणार."

"कोण चालवणार?"

"तूच."

भाच्याने मान हलवली. त्याचे खांदे खाली आले आणि इतके दिवस आवळलेला जबडा सुटला. फोरमनने त्याला लहानपणी ताप उतरल्यावर असं पाहिलं होतं.

"जेवलात का, मामा?" त्याने विचारलं. "मला फार भूक लागलीय."

दोघं जेवायला बसले. भाचा मान खाली घालून भराभर जेवत होता, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदाही. फोरमन समोर बसून त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या ताटाला हातच लागला नाही.