बाविसावी चिठ्ठी

पोरं एकवीस आणि चिठ्ठ्या बावीस. चौथी शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं की यात काहीतरी बसत नाही.

माझी सून दीप्ती इथल्या महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या एका शाळेत अकरावीला शिकवते. या वर्षी तिला संख्याशास्त्राचा नवा वर्ग दिला आणि शनिवारी दुपारी ती त्या पोरांना सरावासाठी आमच्या जानकीपुरमच्या घरी बोलवायला लागली. अभय कुरकुरला, घरात पाय ठेवायला जागा राहणार नाही म्हणे. मी माझ्या लेकाला म्हटलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावायची आणि खाली पोरांना शिकायला बसू द्यायचं नाही, हे शहाणपण तुझ्या ऑफिसात चालत असेल. 

मी दाराजवळच्या दिवाणावर मटार सोलत बसायची. पोरं आत येताना मला ओलांडूनच यायची.

"दादीजी, आप भी एडमिशन ले लीजिए," ऋचा नावाची एक चुणचुणीत पोरगी म्हणाली.

"मैं पढ़ने बैठी तो तुम्हारी मैम की नौकरी चली जाएगी," मी म्हटलं.

पहिल्या शनिवारी दीप्तीने फळ्यावर चार प्रश्न लिहिले. घरून इथे यायला किती मिनिटं लागतात, भावंडं किती, रात्री झोप किती तास, घरात भाषा कोणती. प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तरं लिहायची, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करायला माझा पापडाचा डबा घेतला. फिरवला मीच.

दीप्तीने मोजल्या. "बाईस? किसने दो डालीं?"

पोरं एकमेकांना कोपरं मारून हसली. ती एकेक वाचून आकडे फळ्यावर मांडत गेली. शेवटची वाचताना तिचा आवाज जरा हळू झाला.

"आने में शून्य मिनट. भाई-बहन, एक. नींद, शून्य घंटे. भाषा, मराठी."

त्या एकविसांत मराठी बोलणारं एकही पोर नव्हतं. मागून समीर म्हणाला, "दादीजी ने डाली है, और कौन." सगळे पुन्हा हसले, मीही हसले. माझ्या बोटांत मटाराची शेंग तशीच अर्धी उघडी राहिली.

फळ्यावर झोपेचे ठिपके सहा, सात, आठच्या आसपास दाटीने बसले होते. एक ठिपका पार कडेला, शून्यावर, एकटा.

"जो सबसे अलग बैठा है," दीप्ती पोरांना सांगत होती, "उसे काटना मत. पहले पूछो, ये आया कहाँ से."

"काट की गं," मी दिवाणावरून म्हटलं. "कुणाच्या तरी खोडीपायी वेळ कशाला घालवतेस?"

"असं काटत नाहीत, आई." ती एरवी मला उलटून बोलत नाही. आकड्यांच्या बाबतीत मात्र बोलते.

पोरं गेल्यावर मी गठ्ठ्यातून ती चिठ्ठी काढली. बाकीच्या पांढऱ्या, ही फिकट गुलाबी. मागे टेलिफोन खात्याच्या जुन्या फॉर्मच्या छापील रेघा. आमचे हे, दयाराम मेश्राम, त्या खात्यात होते. आम्ही महानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा ते बाद झालेली पॅडं घरी आणायचे, आणि पायल त्या कागदांच्या पाठीवर गणितं सोडवायची. क्वार्टर सोडताना मी ती सगळी पॅडं माझ्या हाताने जाळली होती. एक कपटा ठेवला नव्हता.

ही चिठ्ठीही मी गॅसवर धरली. जळताना तिचा वास आला नाही, धूरही आला नाही.

पायल माझी मुलगी. अभयहून सहा वर्षांनी मोठी. ती जाऊन अठरा वर्षं झाली आणि त्या अठरा वर्षांत मी तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. भारी झोपाळू पोरगी, दहा-दहा तास झोपायची आणि मी पाणी मारून उठवायची. अकरावीच्या वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपराच्या दिवशी म्हणाली, आई, अंग तापलंय. मी कपाळाला हात लावला. घरात थर्मामीटर होतं, ते काढलं नाही. म्हटलं, बहाणे पुरे, पहिली येणारी पोरगी म्हणून तुला मी साऱ्या कॉलनीत मिरवलंय. पेपर देऊन आली. चौथ्या दिवशी गेली.

त्यानंतर आम्ही इकडे घर बांधलं. इथे पहिल्याच दिवशी शेजारणीने विचारलं, बच्चे कितने हैं. दोन म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, दूसरा क्या करता है. मी म्हटलं, एक. मग प्रत्येक कागदावर एकच लिहिलं. अभय अकरा वर्षांचा होता, त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली. सून घरात आली तिलाही तेच सांगितलं. मला वाटलं होतं, पायल महानगरातच राहिली.

यायला शून्य मिनिटं.

दुसऱ्या शनिवारी चिठ्ठ्या मी स्वतः कापल्या. पांढऱ्या, मोजून एकवीस. डबा मांडीवर घेऊन बसले. एकेक पोर येऊन चिठ्ठी टाकायचं, की मी एक मटाराचा दाणा बाजूला ठेवायची. एकवीस दाणे झाले. झाकण लावलं, वर हात ठेवला, हात उचलला नाही. दीप्तीने उघडून मोजल्या.

बावीस. गुलाबी सगळ्यांत खाली होती, जणू सगळ्यांच्या आधी पडलेली. उत्तरं तीच.

या वेळी कुणी हसलं नाही. समीर हळूच म्हणाला, "मैम, मैंने दादीजी का हाथ देखा था. हटा ही नहीं."

तिसऱ्या शनिवारी नऊच पोरं आली. चिठ्ठ्या दहा.

त्या संध्याकाळी ऋचाच्या आईचा, नीलमचा फोन आला. बेटी डरती है, नहीं भेजूँगी. सोमवारी शाळेतही बोलावणं झालं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, नीट मोजता येत नसेल तर हा वर्ग दुसऱ्याला देऊ. दीप्ती घरी येऊन स्वयंपाकघरात खाली बसली. पापडाचा डबा घासून पुसून उजेडात धरून बघत होती, कुठे सांधा आहे का, दुहेरी तळ आहे का.

"मीच काहीतरी चुकतेय, आई," ती म्हणाली. "कुठे चुकते ते सापडत नाही. ज्याला मोजता येत नाही त्याने हे शिकवू नये."

तोंड वर करून रडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती डब्याच्या तळावर बोट फिरवत होती. जिचं मोजणं बरोबर होतं, तिला मी खोटी पडू देत होते.

"तुझं मोजणं बरोबर आहे," मी म्हटलं. "खोटं मी सांगितलं."

आणि तिथेच ओट्याला टेकून सगळं बोलले. थर्मामीटरचंही.

दीप्तीने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "लग्नाच्या बैठकीत माझ्या बाबांनी विचारलं होतं. तुम्ही एकच म्हणालात."

"हो."

"अभयला माहीत आहे?"

"त्याला शपथ आहे. मोडायची तर मलाच मोडावी लागेल."

"मग मोडा," ती म्हणाली. माझ्याशी ती अशी आधी कधी बोलली नव्हती.

तिने एकवीस घरी फोन केले. एकच शनिवार या, दादीजींना सांगायचं आहे. सगळी आली. बाहेर धुकं इतकं की चार वाजताच दिवे लावावे लागले. दिवाणाच्या कडेला अभयही येऊन बसला. मी हिंदीत सांगितलं, जमेल तसं. मध्ये एकदा थांबले तेव्हा अभय म्हणाला, "ती मला सायकलवर मागे बसवायची." पार मागे बसलेली पोरंही मान खाली घालून ऐकत होती, त्यांना त्याचं मराठी कळत नसूनही.

"एक पर्ची मुझे भी दो," मी म्हटलं.

दीप्तीने पांढरी चिठ्ठी दिली. मी त्यावर मराठीत लिहिलं, मला मुलं दोन. मोठी पायल. डब्यात टाकली. पोरांनी आपापल्या टाकल्या.

दीप्तीने मोजल्या. ओठ हलताना दिसत होते. "बाईस."

कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला. ऋचा म्हणाली, "ठीक है न मैम. इक्कीस हम, एक दादीजी."

दीप्ती एकेक उघडून आकडे मांडायला लागली. एकवीस पांढऱ्या झाल्या, सगळ्या पोरांच्या. बाविसावी गुलाबी होती. तिने डबा उलटा केला, झाकण बघितलं, मी मांडीवरचा पदर झटकला. माझी चिठ्ठी कुठेच नव्हती.

"वाच," मी म्हटलं.

"यायला शून्य मिनिटं," दीप्ती मराठीतच वाचायला लागली. "भावंडं, एक. भाषा, मराठी." मग थांबली.

"झोप?"

"दहा तास."

तिने खडू घेतला आणि तो ठिपका फळ्यावर दहाच्या जागी ठेवला, बाकीच्यांपासून थोडा दूर. मग सगळ्यांचे तास मिळवून बाविसांनी भागले. एकविसांनी भागायला तिला कुणी सांगितलं नाही.